जुळ्या राक्षसांचा शेवट

खेळानंच आमची गाठ घातली. संगणकावरच्या त्या खेळातल्या अंतराळयानात जागा दोघांची, आणि माझी जोडीदार मैत्रीण लग्न होऊन दूर गेलेली. एका रिकाम्या रविवारी तिच्या जागी हा येऊन बसला.

"घुबड म्हणा मला," हेडफोनमधून कानात आवाज आला. "नेम बरा आहे, बाकी सगळा आनंद!"

मी हसले. माझ्या खोलीत कितीतरी दिवसांनी कुणी हसलं होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. घरी आलं की बोलायला फक्त भिंती. आता मात्र घुबड होता. ग्रहामागून ग्रह जिंकत आम्ही शेवटाला पोचलो... तिथं जुळे राक्षस! दोघांना एकाच क्षणी मारायचं, नाहीतर मेलेला पुन्हा उठतो. दोघं मेले की खेळ खलास, जोडी सुटली.

म्हणून मी मुद्दाम हरायचे. तो "एक... दोन... तीन!" म्हणायचा, आणि मी जराशी उशिरा गोळी झाडायचे.

"काय हो, डुलकी लागली?"

"हात घसरला."

"रोज?"

"तुम्हाला घाई आहे का?"

"छे... मला कुठं जायचंय!"

एका रविवारी आत्या आली होती. "लग्नाच्या वयात राक्षस कसले मारतेस? संपव तो खेळ एकदाचा!" तिचा आवाज त्यालाही ऐकू गेला. मग तो हळूच म्हणाला, "एक... दोन... तीन."

मी थांबले, मग झाडली. दोन्ही राक्षस एकदम कोसळले!

"तुम्ही... उशीर केलात?" मी विचारलं.

"वाटलं, आत्याबाईंचं ऐकून आज तुम्ही वेळ साधणार. म्हणून मीच मुद्दाम चुकलो. पण तुम्ही?"

"मी तर रोजच चुकते."

पडद्यावर खेळ बनवणाऱ्यांची नावं सरकू लागली. ती संपली की आवाजही बंद होणार होता.

"ऐका... तुम्ही मला फार आवडता," तो घाईनं म्हणाला. "कुठं भेटाल?"

मी गावाचं नाव सांगितलं. "तिथं चष्म्याच्या दुकानात—"

नावं संपली. खोली पुन्हा पहिल्यासारखी गप्प झाली, आणि मी आत्यासमोरच रडले.

नंतर कितीतरी दिवस दुकानाचं दार वाजलं की मी मान वर करायचे. दरवेळी कुणी दुसरंच असायचं. शेवटी मान वर करणंही सोडलं.

"या गावात चष्म्याची इतकी दुकानं असतील असं वाटलं नव्हतं," एके दिवशी समोरून आवाज आला. "सगळीकडे तीनपर्यंत आकडे म्हणून दाखवले. सगळ्यांनी नंबर तपासायला बसवलं."

घासता घासता माझा हात थांबला.

"एक..." तो जपून म्हणाला. "दोन..."

"तीन," मी म्हटलं. या वेळी जराही उशीर केला नाही.