दुसऱ्या बाजूच्या शेवटी

सावेडीत पाइपलाइन रोडच्या मागे, भाजीच्या गाड्या संपतात तिथल्या एका इमारतीत अजिनाथचा फ्लॅट आहे. मागची खोली त्याने स्वतःसाठी राखलेली. भिंतींना फोम, खिडकीला आईच्या हातची जाड गोधडी, आणि मधोमध एकच खुर्ची, दोन्ही स्पीकरांपासून बरोबर सारख्या अंतरावर. सुकन्या, म्हणजे त्याची बायको, या खोलीला 'तुमचं देवघर' म्हणायची. आत जाताना चपला काढाव्या लागायच्या आणि बोलायची तर बंदीच होती.

आठवडाभर अजिनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात प्रेस शॉपचा सुपरवायझर असायचा. रविवारी सकाळी तो 'कानोसा' व्हायचा. हे त्याच्या यूट्यूब चॅनेलचं नाव. जुन्या विलायती रॉक बँडचे गाजलेले अल्बम हल्ली रिमास्टर होऊन, म्हणजे आवाज साफसूफ करून, नव्याने बाजारात येतात. त्यांचा आवाज खरंच सुधारलाय की नुसतं वेष्टन चकचकीत केलंय, हे तो मराठीतून सांगायचा. नगरात बसून असलं कोण ऐकतं, असं कुणालाही वाटेल. पण साताऱ्याचे दातांचे डॉक्टर ऐकायचे, नाशिकचे वकील ऐकायचे, आणि पुणतांब्याचा राधाकृष्ण पेरूच्या बागेत फवारणी करता करता ऐकायचा. अजिनाथने नापास केलेली रेकॉर्ड ही मंडळी घेत नसत.

पद्धत त्याची चोख होती. नवी प्रत जरा मोठ्या आवाजात छापलेली असते आणि मोठं ते चांगलं असं कानाला वाटतं, म्हणून आधी दोन्ही प्रतींचा आवाज सारखा करायचा. मग तेच कडवं जुन्या प्रतीवर, तेच नव्या प्रतीवर. गायकाचा श्वास कुठे ऐकू येतो, झांज वाजल्यावर तिची किणकिण किती वेळ हवेत राहते, ढोलाची कातडी ताणलेली वाटते की सैल, हे सगळं तो कानात तेल घालून ऐकायचा आणि मगच तोंड उघडायचा.

म्हणजे, पूर्वी असं करायचा.

गेल्या उन्हाळ्यात झांजा गेल्या. मग श्वास गेले. मग सुकन्याच्या बोलण्यातले 'स' आणि 'च' गेले आणि ती तोंडात रुमाल धरून बोलते आहे असं वाटायला लागलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की वरच्या पट्टीचं ऐकणं संपलंय, खालचं तेवढं शिल्लक आहे, प्रेसच्या धडधडीत वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार. मशीन बसवा म्हणाले. अजिनाथने होय होय म्हटलं आणि घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. कानाला मशीन लावलेला कानोसा! लोक हसले असते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाशी म्हणून तो परदेशी लोकांची मतं वाचायला लागला, आवाजाचे कॉम्प्युटरवरचे आलेख बघायला लागला, आणि दोन्हींची भेळ करून आपलं मत म्हणून सांगायला लागला. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्याला स्वतःची लाज वाटायची, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही याची त्याहून जास्त.

सगळ्यात जास्त लाज वाटायची ती आबांपुढे. रंगनाथआबा, त्याचे वडील, काष्टीच्या बाजारात बैलांचे पारखी होते. पाय थकल्यावर सावेडीला राहायला आले. त्यांना त्या गाण्यांतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्या घरान्यात पारख हाय. मी जनावराची केली, पोरगं आवाजाचं करतंय. लई तिखट कान हायेत त्याचं." हे अजिनाथला अगदी स्पष्ट ऐकू यायचं. आबांचा आवाज पहिल्यापासून खर्जातला.

तर 'टिन ऑर्चर्ड' नावाच्या बँडचा अल्बम आला. विलायतेतल्या मूळ टेपांवरून नव्याने काढलेला, दणकून महाग, आणि लोक महिनाभर विचारत होते, दादा घ्यायचा का? जुनी प्रत अजिनाथने कॉलेजात असताना उपाशी राहून घेतली होती. त्याने दोन्ही लावल्या. दोन्ही सारख्याच. गादीखाली रेडिओ ठेवावा तशा. परदेशातून अजून कुणाचं मत आलं नव्हतं. आलेखात काही फरक दिसेना. कॅमेरा चालू होता.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "दुसऱ्या बाजूच्या शेवटी," तो म्हणाला, "सगळी वाद्यं थांबतात ना, तिथे नीट ऐका. खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. स्टुडिओत कुणीतरी उठतंय. जुन्या प्रतीत हे दबून गेलं होतं. हा असतो खरा रिमास्टर."

असलं काही तिथे नव्हतं. त्याने ते तिथल्या तिथे रचलं होतं.

दुसऱ्याच दिवशी लोकांचे निरोप सुरू झाले. खुर्ची ऐकली. अंगावर काटा आला. तुमच्यामुळे ऐकू आली. अजिनाथला हसू आलं आणि मग मेल्याहून मेल्यासारखं झालं. सांगितलं की ऐकू येतं, माणसाचा कान असाच असतो, हे त्याला माहीत होतं. तरी खात्रीसाठी त्याने त्या जागेचा आलेख काढून पाहिला. शेवटचा सूर विरतो आणि पुढे सरळ रेघ. त्याला बरं वाटलं.

मग राधाकृष्णाचा फोन आला. फोनचा आवाज पार वाढवूनच अजिनाथ बोलायचा.

"दादा, तुमी पावलांचं न्हाई सांगितलं."

"कसली पावलं?"

"आता मुद्दाम विचारता व्हय? खुर्ची सरकती, मंग कोन तरी चालतंय की. अनवानी हाय. फरशीवर तळवा चिकटून सुटतो ना, तसं. पैल्यांदा ऐकलं तवा इतकं न्हवतं. आता लई जवळ आल्यासारखं वाटतंय."

अजिनाथने घसा खाकरला. "ते तुम्ही शोधताय का बघत होतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर त्याला आपल्या जिभेची किळस आली. त्याने पुन्हा आलेख उघडला. त्याच रेकॉर्डिंगचा, त्याच जागेचा. सरळ रेघेवर बारीक उंचवटे दिसत होते, एकापुढे एक, सारख्या अंतराने. परवा आपण नीट मोठं करून पाहिलं नसेल, असं तो स्वतःला म्हणाला. खोलीत पंखा चालू होता, तो बंद करून त्याने कान स्पीकरला लावला. कापडाचा गार स्पर्श तेवढा कळला.

शेवटी त्याने सुकन्याला बोलावलं. "बस जरा," तो म्हणाला, "तुझे कान कसे आहेत बघू." बायकोचे कान उसने घ्यायचे आणि वर परीक्षा तिची घेतोय असं दाखवायचं, इथपर्यंत मजल गेली होती. ती हात पुसत येऊन खुर्चीवर बसली. गाणं संपलं. ती ऐकत राहिली.

"कुणीतरी उठलं," ती म्हणाली. "चालतंय." मग तिची नजर डाव्या स्पीकरवरून हळूहळू भिंतीकडे गेली, भिंतीवरून दाराकडे. "थांबलं."

"रेकॉर्डमध्येच ना?"

बाहेर हॉलमध्ये आबांच्या झोपाळ्याची कुरकुर बंद झाली. "कोन आलं रं?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही आबा. गाण्यातलं आहे."

"तुज्या त्या गान्यातलं? ज्याचं तू सांगितलं हुतं, त्योच का?"

अजिनाथला हो म्हणावं लागलं. आबांनी मान डोलावली आणि झोपाळा परत सुरू केला. मग काष्टीची आठवण काढल्यासारखे बोलायला लागले. बाजारात चारचौघांत आपण एखाद्या बैलाला खोड नाही म्हणून सांगितलं आणि पुढे तो मारका निघाला, तर आबा काय करायचे? स्वतः जाऊन बैल सोडून आणायचे. "आपन ज्याचं नाव घेतलं त्ये जनावर दुसऱ्याच्या दारात ठिवायचं न्हाई. आपल्या दावनीला आनायचं. आनलं न्हाई तर ते सोताच वाट काढत येतं." आणि ते हसले. सुकन्या हसली नाही. ती दाराकडे बघत होती.

त्या दिवसापासून घरात एक नवीच सवय लागली. सुकन्या बोलता बोलता मध्येच थांबायची, दुसऱ्या कुणाचं बोलणं आधी संपू द्यावं तशी, आणि मग पुढचं वाक्य घ्यायची. तिला विचारावं तर, 'मी कशाला मध्ये बोलू?' असं ऐकू आलं की काय असं अजिनाथला वाटायचं. मग ते विचारायचंही त्याने सोडलं. विचारलं तर सांगावं लागणार की मला तुझं बोलणंही नीट ऐकू येत नाही. चोराच्या मनात चांदणं. तो चेहरे वाचायला लागला. ती हसली की हसायचं, तिने मान हलवली की हलवायची. लाजेने माणूस किती हुशार होतो!

रविवारी सकाळी राधाकृष्ण पेरूंची पिशवी आणि आपली प्रत घेऊन पुणतांब्याहून थेट घरी आला. हाडापेराने मोठा, आवाजाने मऊ माणूस. "दादा, तुमच्यासोबत एकदा ऐकायचं हाय. घरी एकट्याला ऐकवत न्हाई आता." आबांनाही आज आत यायचं होतं. त्यांच्यासाठी हॉलमधून स्टूल आणलं. सुकन्या चहाचा ट्रे घेऊन दारातच उभी राहिली.

अजिनाथने ठरवलं होतं, आज सांगून टाकायचं. खुर्ची मी रचली, मला वर्षभर काही ऐकू येत नाही, तुम्हा सगळ्यांना फसवलं. वाक्यं तोंडाशी तयार होती. पण आबा राधाकृष्णाला सांगत होते, "बघ आता, तो कसा ऐकतो ते बघन्यासारखं हाय," आणि त्याने सुई ठेवली.

दुसरी बाजू संपत आली. गिटारचा शेवटचा सूर त्याला नुसता फरशीतून कळला.

मग त्याच्यापुरतं सगळं शांत झालं.

तिघांची डोकी एकदम वर झाली.

तिघांची नजर डाव्या स्पीकरवर होती. मग ती सरकायला लागली. सगळ्यांची एकाच वेगाने, घाई न करता. फोमवरून, गोधडीवरून, दारावरून. सुकन्याने ट्रे छातीशी घेतला आणि कुणाला तरी वाट द्यावी तशी ती बाजूला झाली.

नजरा अजिनाथच्या डाव्या खांद्याशी येऊन थांबल्या.

तो वळला नाही. वळलो तर आपल्याला ऐकू आलं नव्हतं हे कळेल, एवढंच त्याच्या डोक्यात आलं.

राधाकृष्णाचे ओठ थोडे विलगले. आबांनी मान तिरकी केली. सुकन्याच्या चेहऱ्यावर पाहुण्याशी बोलताना असतं तसं अवघडलेलं हसू आलं, आणि तिने अजिनाथकडे पाहिलं. आबांनी पाहिलं. राधाकृष्णाने पाहिलं.

ते वाट बघत होते.

अजिनाथ हसला. जाणकाराने मान डोलवावी तशी त्याने मान डोलावली. एकदा, आणि मग नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा.

सुकन्याचं हसू गेलं.

राधाकृष्ण उठून उभा राहिला. पेरूची पिशवी त्याच्या पायाशी कलंडली. "दादा," तो म्हणाला, मोठ्याने म्हणाला असावा, कारण शब्द कळले, "तुमी हो कशाला म्हनला?"

अजिनाथने आबांकडे पाहिलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"मला ऐकू येत नाही," अजिनाथ म्हणाला. "वर्ष झालं. काहीच येत नाही. ती खुर्चीसुद्धा मी रचली होती." इतके दिवस अडलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर आलं, की त्याला रडू फुटलं. "काय विचारलं त्याने? सुकन्या, काय विचारलं?"

सुकन्या जवळ आली. त्याला ओठ दिसावेत म्हणून ती वाकून, सावकाश बोलली. हे खूप दिवसांपासून माहीत असल्यासारखी.

"तुम्हाला ऐकू येत नाही, हे त्यानेच सांगितलं मघाशी. मग तुम्हाला विचारलं, आता इथेच राहू ना?"

आणि मग तिने बोट वर केलं, जरा थांबा म्हणून. तिची नजर पुन्हा त्याच्या खांद्याशी गेली. राधाकृष्ण परत खाली बसला. तिघंही ऐकायला लागले. बरंच काही सांगितलं जात असावं, कारण कुणीच हलत नव्हतं.

आबा मधूनमधून हुंकार देत होते, गोष्ट सांगणाऱ्याला द्यावा तसा. तेवढा मात्र अजिनाथला ऐकू येत होता.