अर्मांडचे हातमोजे

नाताळच्या दुपारी डेल्फिन घरून निघाली ती एवढ्याचसाठी, की आईकडे जेवायचं, हिसकाहिसकी खेळायची आणि अंधार पडायच्या आत परतायचं. मागच्या सीटवर आठ वर्षांची नोला, मांडीवर सफरचंदाच्या गरम ‘ॲपल पाय’चा डबा, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. रस्त्याला लागून अमेरिकेतल्या मेन राज्यातला तो तलाव दगडासारखा गोठला होता. डेल्फिनने तिकडे बघायचं टाळलं.

हिसकाहिसकी हा त्या घरचा नाताळचा खेळ. झाडाखाली नाव न घातलेली पुडकी ठेवायची. आपली पाळी आली की हवं तर नवं पुडकं फोडायचं, नाहीतर दुसऱ्याने फोडलेलं खुशाल हिसकावायचं. दोनदा हिसकावलेली वस्तू मात्र तिथेच थांबली, मग कोणी कितीही आदळआपट करो. खेळ संपल्यावर आपसात गुपचूप बदललं तर चालायचं. रडक्या पोरांसाठी तेवढी पळवाट होती.

दोन वर्षांपूर्वी त्या ढिगातून तपकिरी कागदातलं एक पुडकं निघालं. कोणी आणलं, कोणी कबूल होईना. आत लोकरीचे हातमोजे, जरा ओलसर. ते डेल्फिनच्या थोरल्या भावाकडे, अर्मांडकडे गेले. बर्फावर मासे धरायला बसतो, बरे झाले, म्हणून स्वारी खूष. फेब्रुवारीत बर्फ फुटला आणि अर्मांड खाली गेला. मागच्या नाताळला तसंच पुडकं त्याच्या बायकोने, सिल्वीने, फोडलं. बर्फ वितळला तेव्हा सिल्वी त्याच तलावात सापडली. अर्मांड अजून सापडलेला नाही.

"आई, यंदा खेळ नको," डेल्फिन आल्या आल्या म्हणाली.

"माझ्या आईपासूनचा खेळ आहे," म्हातारी ओडेट म्हणाली. "दोन माणसं गेली, आता नाताळही घालवू?"

"ताई, तू म्हणजे ना!" धाकटा गेरार्ड हसला. "लोकर काय माणसं खाते?"

झाडाखाली गुडघे टेकून डेल्फिनने एकेक पुडकं उचलून पाहिलं, झाडामागेही हात फिरवला. तपकिरी कागद कुठेच नव्हता. मग कुठे तिच्या घशाखाली घास उतरला.

जेवणानंतर पहिली पाळी नोलाची. तिने झाडामागे हात घातला आणि तपकिरी पुडकं ओढून काढलं.

"तिथे काही नव्हतं..." डेल्फिन पुटपुटली. "मी पाहिलं होतं..."

कागद फाटला. खोलीत तलावाच्या तळाचा, शेवाळाचा वास पसरला. हातमोजे होते. यंदा अगदी लहान, आणि त्या घरात लहान मूल एकच होतं.

"मम्मा, बघ ना, मला बरोबर होतील!"

डेल्फिनने पाळीचीही वाट पाहिली नाही. झडप घालून मोजे हिसकावले. नोलाने भोकाड पसरलं.

"शाब्बास!" गेरार्ड म्हणाला. "पोटच्या पोरीचं हिसकावतेस? लाज कशी वाटत नाही?"

तेवढ्यात ओडेट काठी टेकत उठली. "आण इकडे."

"आई, नको गं..."

"गप बस. तुला लेकरू आहे. माझं काय राहिलंय? आणि पोर माझा खाली एकटा आहे." तिने मोजे काढून घेतले. "झालं दोनदा. आता ते माझे."

ते इवलेसे मोजे तिच्या सांधे सुजलेल्या हातांत सरसर चढले. कुठे अडलेसुद्धा नाहीत. डेल्फिनला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटल्याची भयंकर लाजही वाटली.

निघेपर्यंत बाहेर काळोख झालाच. नोला फुरंगटून आधीच गाडीकडे पळाली होती. डेल्फिन आईला मिठी मारून रडली आणि मग निघाली.

तलावाच्या कडेला आल्यावर तिला गाडीत शेवाळाचा वास आला.

"नोला... हात दाखव."

नोलाने हात वर केले. मोजे अगदी मापात बसले होते.

डेल्फिनने कचकन ब्रेक दाबला आणि फोन लावला. "गेरार्ड, मूर्खा! लाड करायला हेच मिळालं तुला? आईचे मोजे काढून पोरीला दिलेस?"

"मी?" गेरार्डचा आवाज उतरला होता. "ताई, आई माझ्यासमोर बसलीय. मोजे तिच्याच हातांत आहेत. मी ओढून पाहिले... निघत नाहीत गं..."

डेल्फिनच्या हातातला फोन खाली पडला.

"गेरार्डमामाने नाही दिले, मम्मा," नोला म्हणाली. "अर्मांडमामाने दिले. गाडीपाशी उभा होता. म्हणाला, रडू नको, खेळ संपल्यावर बदललं तर चालतं."

"बदललं...? तू त्याला काय दिलंस?"

"अजून काहीच नाही. तो म्हणाला, मी येऊन नेईन."

डेल्फिनने मागे झेप घेऊन ते मोजे ओढले. नोला कळवळून किंचाळली. मोजे हलले नाहीत. तिने सगळ्या दारांची कुलपं लावली. तेव्हा तिची नजर नोलाच्या बाजूच्या काचेकडे गेली. तलावाची बाजू ती. काचेवर बाहेरून एक मोठा ओला पंजा उमटला होता, पाचही बोटं उघडी. पाणी अजून ओघळत होतं.