प्रश्न काढून टाकलेली फाईल

रविवार, १३ एप्रिल २०२५, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटे, संगणक बारा. देवचंद तायडे यांनी पहिल्याचे बटण दाबले, मग रांगेने उरलेल्यांचे.

चोपड्याच्या शिरपूर रस्त्यावरचा हा हॉल त्यांच्या एकुलत्या मुलीने, मृणालीने, संगणक वर्गासाठी घेतला होता. उद्या जयंतीला उद्घाटन. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन दीपनगरच्या वीज केंद्रात हयात घालवलेल्या देवचंदांना संगणकात नवी प्रणाली बसवण्याचे एकच काम बारा वेळा हाताने करणे मंजूर नव्हते. त्यांनी उत्तरांची एक फाईल लिहिली होती. भाषा कोणती, अक्षर केवढे, मराठी टंकलेखनाचे चिन्ह पडद्यावर कुठे, हे संगणकाने विचारण्याआधीच ठरलेले. ‘मध्येच थांबवायचे का?’ हा प्रश्नसुद्धा त्यांनी काढून टाकला होता. एकदा सुरू झाले की माणसाची गरज नाही.

पहिला संगणक तयार झाला. अक्षरे जरा मोठी होती.

“आबा, हाई काय शे?” मृणाली हसली. “क्लास पोरांसाठी काढलाय, तुमच्या पेन्शनर मंडळासाठी नाही.”

देवचंदांनी फाईल उघडली. आकडा बरोबर होता. दुसऱ्या संगणकावर अक्षरे आणखी मोठी, तिसऱ्यावर त्याहून. चिन्हे आपली रांग सोडून डाव्या कोपऱ्यात, चाचपडत्या हाताला सापडतील अशी, गोळा होत होती. त्यांनी फाईल पुन्हा तपासली. ओळ न् ओळ त्यांचीच होती. बाहेरून केळीचा ट्रक गेला आणि टेबले किंचित थरथरली.

खुर्च्या पुसत मृणाली पाचव्या संगणकापाशी आली. त्याच्या पडद्यावर जेमतेम चार अक्षरे मावत होती, एकेक पंजाएवढे.

“आता बरोबर केलंत बघा,” ती म्हणाली. “मघाशी उगाच मोठी होती.”

देवचंदांनी तिच्याकडे पाहिले. ती चेष्टा करत नव्हती.

“मृणाली, समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाच बरं.”

“कुठलं कॅलेंडर?”

सहाव्या संगणकाने पडद्यावरचे शब्द वाचून दाखवायला सुरुवात केली. बाईचा आवाज होता, सपाट, शांत. “मराठी टंकलेखन. डावीकडे, खाली.” मग सातवाही बोलू लागला. फाईलमध्ये आवाजाची ओळच नव्हती.

त्यांनी कळा दाबून पाहिल्या. पडदा काही विचारत नव्हता, त्यामुळे नाही म्हणायला जागा नव्हती. त्यांनी मेन स्विच पाडला. पंखे थांबले. संगणक चालूच राहिले. त्यांनी वायर ओढली. वायर हातात आली, पडदा उजळलेलाच.

“आबा, काय करताय? उद्या पोरं येणार आहेत.”

“बाहेर चल, बेटा. आत्ताच्या आत्ता.”

“थांबा हो. त्या बाई काय सांगताहेत ते ऐकू द्या.”

त्यांनी तिचा दंड धरला. ती हलली नाही. मान आवाजाकडे वळलेली, नजर कुठेच नाही.

“आबा, खिडक्या कशाला लावल्या?”

खिडक्या सताड उघड्या होत्या. चैत्राचे ऊन सरळ तिच्या डोळ्यांवर पडले होते. पापणी लवत नव्हती.

बाराव्याचा पडदा काळा होता. अक्षर एकही नाही. नुसता आवाज.

“काम पूर्ण. चुका शून्य.”