खाडीनं नेला

वेणी आणायला मी नेरुळ स्टेशनच्या बाजूला गेले होते. त्या दिवसाची सुरुवात एवढी साधी होती. अबोली, मोगरा आणि मधे हिरवा मरवा. गावदेवीच्या जत्रेला आई दरवर्षी तशीच वेणी माळायची, कारण त्या दिवशी भर दुपारी तिच्या अंगात देवी यायची. तीस वर्षं येत होती. फुलवाल्याला काही सांगावंही लागायचं नाही. "गोजराकाकींची ना?" म्हणून तो बाजूला ठेवलेली पुडी हातात द्यायचा.

मी उन्नती. सीवूड्सला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तिथे कुणी विचारलं, आई काय करते, तर मी सांगायचे, मासे-चिंबोऱ्या विकते. देवीचं सांगत नसे. लाज नव्हती, पण त्या एसीच्या खोलीत ते कसं सांगणार? आता सांगते. पुढे जे झालं, त्यानंतर आईबद्दल काही लपवावं असं मला वाटलेलं नाही.

पुडी घेऊन सारसोळ्याला घरी आले, तर ओटीवर चंद्रशेखरदादा बसलेला. देवळाच्या कमिटीचा अध्यक्ष, आमच्याच भावकीतला. बाबा, म्हणजे त्याचे पंढरीकाका, आजारी पडले तेव्हा त्यांना स्वतःच्या गाडीत घालून हॉस्पिटलात नेणारा तोच, आणि शेवटी तिरडीला पहिला खांदा देणाराही तोच. त्याचा धाकटा भाऊ धनेश चौदा महिन्यांपूर्वी गेला होता. पहाटे होडीकडे गेला आणि दुसऱ्या दिवशी खाडीकाठच्या तिवरांच्या मुळांत अडकलेला सापडला. अख्खं गाव एकच वाक्य बोलायचं... खाडीनं नेला. नारळी पुनवेला खाडीला नारळ न देताच त्याने होडी काढली होती म्हणे. बायका नळावर हेच बोलायच्या, पुरुष कट्ट्यावर हेच. बोलून झालं की हात जोडायचे. हात जोडले की विषय संपायचा.

शालनवहिनीचा तेवढा संपत नव्हता. ती धनेशची बायको. ती म्हणायची, त्यांच्या कपाळावर जखम होती. दोघा भावांचं जुन्या घरावरून वाजलेलं सगळ्यांना माहीत होतं. चंद्रशेखरला ते पाडून बिल्डिंग उठवायची होती, धनेश सही देत नव्हता. वहिनी दोनदा पोलिसांत जाऊन आली. साक्षीदार आणा, म्हणाले.

"काकी," दादा अगदी हळू बोलत होता, "आज देवी आयली का शालनला दोन शब्द सांग. खाडीचा कोप व्हता, झायलं गेलं सोडून दे, असं. तिच्या जिवाला पन बरं वाटंल. गावात उगाच टेन्शन नको."

आई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "देवी काय बोलंल ते देवीला ठावं."

"तोंड तुजंच हाय ना, काकी."

"तोंड माजं, शब्द तिचा. तीस वर्सांत त्यात येक शब्द मी माजा घातला नाय. आज पन नाय घालनार."

तो उठला. पायरीवर थांबला. "पंढरीकाका असते तर त्यांनी ऐकलं असतं," म्हणाला आणि गेला.

आईने निवडलेले तांदूळ परत न निवडलेल्यांत मिसळले. मला वाटलं, राग आलाय. राग नव्हता तो.

देऊळ आमचं खाडीकडे पाठ करून उभं आहे. त्या दिवशी उधाण होतं. बाराच्या सुमाराला पाणी देवळामागच्या दगडी बांधाला येऊन लागलं होतं. ऊन असं, की पत्र्याच्या मांडवाखाली डोळे उघडे ठेवणं कठीण. ढोल-ताशा, धूप, घाम, नारळाचं पाणी... आणि गाभाऱ्यासमोर आई, केस मोकळे सोडून, पाटावर बसलेली.

देवी यायची कशी, ते मला पाठ होतं. आधी श्वास मोठा होतो, मग मान डोलते, मग किंकाळीसारखा हुंकार, आणि मग कोवळ्या पोरीसारखा चढा आवाज. लहानपणी मी त्या आवाजाला घाबरायचे. पुढे सवय झाली.

त्या दुपारी तसं काही झालं नाही. ढोल वाजत राहिले, आई हलली नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. वाजवणारे एकमेकांकडे पाहायला लागले आणि एकेक थांबला. मग वास आला. बाहेर पाणी भरलेलं होतं, पण वास ओहोटीचा होता, उघड्या पडलेल्या काळ्या चिखलाचा. धुपाच्या धुरातून तो सरळ नाकात शिरला. माझ्या शेजारच्या बाईने पदर तोंडाला लावला.

आईने डोळे उघडले. ते कुणाकडेच बघत नव्हते.

"शालू..."

आवाज पुरुषाचा होता. जड, बुडबुडल्यासारखा, तोंडात गाळ भरल्यावर माणूस बोलेल तसा. शालनवहिनी मागच्या रांगेत होती. ती उठून उभी राहिली. तिला शालू म्हणणारा एकच माणूस होता.

"शालू... मना पान्यानं नाय नेला..."

मांडवात दीड-दोनशे माणसं होती, आणि बांधावर आपटणारं पाणी स्पष्ट ऐकू येत होतं.

"माज्या छातीवर पाय व्हता..."

"कोनाचा?" मागून कुणीतरी ओरडलं. "कोनाचा पाय? सांग!"

"सांग! देवी, सांग!"

आता सगळेच उठले. मी पाहिलं, पुढच्या पोरांनी मांडवाचा एक बांबू उपटला होता. चंद्रशेखरदादा नारळ हातात धरून गाभाऱ्याच्या चौकटीला टेकला होता. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. कुणी नाव घेतलं नव्हतं, तरी माणसं त्याच्याच दिशेने सरकत होती. मला कळलं, एक शब्द पडायचा अवकाश, इथे देवापुढेच हे त्याला मारणार.

आईचं तोंड उघडलं. आणि तिचाच उजवा हात वर आला, तिच्या तोंडावर बसला. हाताखालून तो बुडबुडता आवाज बाहेर यायला धडपडत होता, आणि ती तळहाताला दात लावून त्याला आत दाबत होती. मनगटावरून रक्त ओघळलं. मी धावले, पण तिने दुसऱ्या हाताने मला थोपवलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग हात खाली आला आणि आई बोलली. आईच. तिच्या नेहमीच्या, मासळीबाजारात वापरायच्या आवाजात.

"तू नको सांगू, बाला. तू गेलास. सांगायचं काम माजं हाय."

ती पाटावरून उठली. पोरांच्या हातातल्या बांबूकडे बघितलं.

"खाली ठेवा त्यो. येक मारला तवा खाडीचं नाव झायलं. आता दुसरा माराल, देवीचं नाव होईल. मानसाचं नाव कवा घेनार तुमी?"

"काकी, देवी काय म्हनते..."

"देवी नाय बोलत. मी गोजरा बोलतंय, पंढरीची बायको. त्या पहाटे मी तिवरात चिंबोऱ्या काढत व्हते. माज्या या दोन डोल्यांनी मी बघलं. चंद्रशेखरनं त्याच्या कपालात वल्हं घातलं, आनि चिखलात पाडून छातीवर पाय ठेवला. त्यो हलायचा थांबला, तवर ठेवला. मी तिवराच्या आड बसून बघलं. वरडले नाय."

शालनवहिनी गर्दीतून पुढे आली होती. आई तिच्याकडे वळली.

"चौदा महिनं मी तुज्यासमोरून गेले, शालन. मनात म्हनले, देवी बघून घेईल. देवी कशाला बघंल? बघलं व्हतं मी. त्यानं मारला त्यो त्याचा दोस. गप बसले त्यो माजा. माजा दोस मी कुनावर नाय ढकलत."

वहिनीने तिला मारलं. खाडकन, सगळ्यांसमोर. आईने गाल चोळला नाही. मग वहिनी तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. बांबू कुणीतरी खाली टाकला होता. चिखलाचा वास गेला होता, पण तो कधी गेला हे कुणालाच सांगता आलं नाही.

त्याच दुपारी, हाताला फडकं बांधून, आई पोलीस स्टेशनला गेली. मी सोबत होते. साहेबांनी विचारलं, इतके दिवस गप्प का होता? मी काहीतरी सावरून सांगायला तोंड उघडलं, तर आईने माझा दंड धरला. "भ्याले व्हते," ती म्हणाली. "तसंच लिवा."

केस तीन वर्षं चालली. घरासमोर दगड पडले, माझ्या दवाखान्यात फोन आले. भावकीतल्या लोकांनी समजावलं, की काकी, त्याला देव शिक्षा देईल, तू कशाला पाप घेतेस? आई त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, देवाला त्याचं काम करू दे, मना माजं.

बेलापूरच्या कोर्टात तिची उलटतपासणी झाली, तेव्हा समोरच्या वकिलाने छान हसून विचारलं, "बाई, तुमच्या अंगात देवी येते म्हणे. मग हे सगळं देवीनेच तुम्हाला सांगितलं असेल?"

"नाय साहेब," आई म्हणाली. "देवी येते, पन ती पहाटे चिंबोऱ्या काढायला येत नाय. तवा मीच व्हते."

कोर्टात हसू फुटलं. न्यायाधीशांनीही हसू लपवायला मान खाली घातली. मी मागच्या बाकावर बसले होते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला मी न विचारताच सांगितलं, "माझी आई आहे ती."

चंद्रशेखरला जन्मठेप झाली. जत्रेतला मान कमिटीने आईकडून काढून घेतला, काही घरांनी तिच्याकडून मासे घेणं बंद केलं. देवी तिच्या अंगात पुन्हा आली नाही. याचं दुःख तिला होतं. इथेच हे संपलं असतं, तर मी तुम्हाला अभिमानाने सांगून गप्प बसले असते.

मागच्या महिन्यात रविवारी सकाळी दारात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची, चष्मा, खांद्याला ऑफिसची बॅग. आत यायलाही संकोचत होती.

"गोजराबाई इथेच राहतात का? मी क्रांती. बोनकोड्याच्या बाजूला राहते, मूळची लातूरकडची. क्लार्क आहे." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "हे बघा, आम्ही बौद्ध आहोत. भूतबीत आमच्या घरात कुणी मानत नाही. मीही मानत नाही. पण पंधरा दिवस झाले, दुपारी जरा डोळा लागला की मी झोपेत बोलते. मिस्टरांना आधी वाटलं, बडबड आहे. मग त्यांनी फोनवर रेकॉर्ड केलं."

तिने फोन टेबलावर ठेवला. आधी पंख्याची घरघर. मग क्रांतीताईंचाच आवाज, पण जड, सावकाश.

"गोजराला सांग... मी येकला नाय हितं... येक बाई हाय... तिला कोनी शोदाया नाय आयला..."

मांडवातला तोच सूर होता. क्रांतीताई चष्मा काढून पुसत होत्या. "मला ही बोली येत नाही हो. मी आयुष्यात कधी बोललेली नाही. गोजरा कोण, तेही माहीत नव्हतं. नेटवर शोधलं, तर तुमच्या केसची बातमी मिळाली."

आईने ते दोनदा ऐकलं. "कोन बाई?"

"ते नाही सांगत. नुसतं एवढंच... रोज."

त्या गेल्यावर मी आईला म्हटलं, "यात पडू नको. हे काही तू बघितलेलं नाहीस."

"नाय बघलं," आई म्हणाली. "म्हनून तर इचारावं लागंल."

आम्ही पोलिसांत जाऊन आलो. गेल्या पाच वर्षांत आमच्या बाजूची एकही बाई हरवल्याची नोंद नाही. तेव्हापासून आई रोज दुपारी निघते. एकेका घराच्या दारात उभी राहते आणि एकच विचारते, "तुमच्या घरातली कुनी बाई बरेच दिवस दिसत नाय का?" कुणी हसतं, कुणी शिव्या देतं, कुणी पाणी देतं. कालपर्यंत एक्केचाळीस घरं झाली. चाळीस घरांनी काही ना काही उत्तर दिलं. एका घराने प्रश्न पुरा व्हायच्या आत दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला, आणि मग टीव्ही मोठा झाला.

आई तिथेच पायरीवर बसली. मी तिला न्यायला गेले, तर तिने ओठांवर बोट ठेवलं. मी कान दिला. टीव्हीच्या आवाजाखाली शिलाईचं मशीन चालू होतं. खडखडखड... क्षणभर बंद... खडखडखड. त्या घरात बाप आणि दोन मुलगे राहतात, सून अजून यायची आहे. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती. तिला मी विचारलं.

"मशीन होय?" ती सहज म्हणाली. "दुपारचं असतंच ते."

"चालवतं कोण?"

"पोरांची आई..." ती बोलायला गेली. मग थांबली. हातातला ओला कपडा तसाच बादलीत टाकून ती आत गेली, आणि तिनेही दार लावून घेतलं.