सवागीचं पाणी

सोनाबाई आली तेव्हा आनंदा घरत हा कमळाकर ठोसरांच्या ओटीवर शेंगा सोलत बसला होता. बायको गेल्यापासून त्याला स्वतःच्या घरात बसवत नसे. पोलिसातली नोकरी संपली, मुलगी सासरी गेली, मग भिंतींशी बोलायचं तरी किती? त्यापेक्षा ठोसरांचे टोमणे परवडले. ठोसर मुंबईत विमा कंपनीसाठी आगीची नि चोऱ्यांची प्रकरणं तपासून पनवेलला परतले होते. आता गावातले लोक आपापली कोडी घेऊन त्यांच्याकडे येत.

"माज्या भावानं जीव दिला नाय," ती उभ्या उभ्याच म्हणाली.

तिचा भाऊ काशिराम हा धर्मराज शेटच्या वखारीतला सुतार. मंगळवारी सकाळी तो वखारीतल्या हौदात बुडालेला सापडला. त्यानं जीव दिला म्हणून पोलिसांनी प्रकरण मिटवून टाकलं होतं.

"तुम्हांला नेमकं काय हवंय, बाई?" ठोसरांनी विचारलं.

"तो आपणहून गेला का, येवढंच सांगा. माजा नवरा गेला, त्याची बायको गेली, आमी दोघंच उरलो व्हतो. मला न सांगता गेला असंल, तर मंग मी त्याची कोण व्हते?"

आनंदाचा हात शेंगांवरच थांबला.

"सोमवारी रात्री काय झालं?"

"जेवला. मंग चिमूटभर हळद मागितली. आई आमची कुंकू करून विकायची, घरात हळद कायम असते. मी म्हटलं, हात कापला का, दाव. नुसता हसला. कागदात बांधून खिशात टाकली आन वखारीत गेला. वखारीमागंच तर आमचं घर."

तिनं पिशवीतून त्याचा सदरा काढला. अजून धुतला नव्हता. खिशात कागदाचा लगदा वाळून बसला होता आणि भोवती हळदीचा पिवळाधमक डाग पसरला होता. ठोसरांनी तो उजेडात धरून बराच वेळ पाहिला.

"प्रेत घरी आणलं तेव्हा काही वेगळं वाटलं?"

"कपाळाला ओठ लावले. खारट लागलं."

"रडत होतात?"

"रडू आलंच नाय," ती खाली मान घालून म्हणाली. "अजून नाय."

ती गेल्यावर आनंदा म्हणाला, "साहेब, मला तर सरळ दिसतंय. एकटा माणूस, कंटाळला असेल."

"एकट्या माणसांबद्दल तुला फार कळतं," ठोसर चप्पल घालत म्हणाले. हे बोलणं आनंदाला लागलं, पण तो मुकाट्यानं मागे निघाला.

धर्मराज शेटची वखार खाडीच्या बंदराजवळ होती. शेट गुरगुरतच बोलला, पण बोलला सगळं. उरणकडच्या एका नव्या शाळेच्या छपराचे वासे त्याच्याकडून जात होते. स्वस्तातलं लाकूड, त्याला भुंगेरा फार लागतो. म्हणून लाकूड ओलं असतानाच सवागीच्या पाण्यात बुडवायचं. सवागी म्हणजे सोनारांचा टाकणखार. ती लाकडात मुरली की कीड जवळ येत नाही. वासे उभे बुडावेत म्हणून हौद विहिरीसारखा खोल खणला होता.

"सवागी बरोबर पडते हे तुम्ही पाहता?"

"वाळल्यावर वाशावर पांढरी पूड धरते. ती बघितल्याशिवाय मी एक वासा बाहेर जाऊ देत नाही."

"इतका खोल हौद, कुणी पडलं तर?"

"आत शिडी साखळीनं अडकवलेली असते. रात्रंदिवस. माझा नियमच आहे तसा. पण ज्याला वर यायचंच नाही त्याला शिडी काय करणार? उरणला छपराचं काम बघून आला तेव्हापासून काशिराम गप्पगप्प होता. सोमवारी मी मुंबईला गेलो, मंगळवारी दुपारच्या लाँचनं परतलो, तर हे असं."

भामा नावाची मजूरबाई कोपऱ्यात भुसा भरत होती. काशिराम तिला कामावरून काढायला निघाला होता, हे तिनं आपणहूनच सांगून टाकलं.

"मेल्या माणसाला कशाला वाईट बोला? पन तो चांगला नव्हता. आन दुसरा तो जगन मिस्त्री. मढं उचललं, सगळी माणसं घरी गेली, आन ह्यानं भट्टी पेटवली. सवागी कढवत बसला. येवढी कामाची हौस."

आनंदानं तिच्याकडे संशयानं पाहिलं. रागीट बायकांवर त्याचा पोलिसात असल्यापासून संशय होता.

जगन मिस्त्री मात्र भला माणूस वाटला. डोळे सुजले होते. "सकाळी आलो, पाण्यात सदरा दिसला. धावत जाऊन भिंतीकडची शिडी आणली, लावली, उतरलो. पन गार झाला व्हता. साहेब, तो नेहमी म्हनायचा, माजं कोन हाय. मीच लक्ष दिलं नाय."

आनंदाला त्याचं बोलणं मनापासून पटलं. तोही कितीदा हेच म्हणाला होता, फक्त ऐकायला कुणी नव्हतं.

"हौदातलं पाणी कोण करतं?" ठोसरांनी विचारलं.

"मीच. भट्टीला कुनाला हात लावू देत नाय. सोमवारी सांजचं नवं पानी केलं व्हतं, चांगलं कडक."

"गाव कोणतं तुमचं?"

"खाडीपल्याड. भाऊ मिठागर बघतो."

ठोसरांनी मान हलवली आणि आनंदाला दोन कामं सांगितली. सोनाबाईला चिमूटभर हळद घेऊन बोलवायचं, आणि चौकीवरून हवालदाराला.

ऊन कलताना सगळे हौदापाशी जमले. जगन काय म्हणाला ते आनंदानं येताना सोनाबाईला सांगितलं होतं. ठोसरांनी पेल्यात हौदातलं पाणी घेतलं आणि त्यात हळद टाकली. पाणी लालसर होत गेलं.

"सोनाबाई, तुमची आई कुंकू कसं करायची?"

"हळदीला लिंबू आन सवागी लावून."

"म्हणजे हळदीला सवागी भेटली की हळद लाल होते. काशिराम हे लहानपणापासून बघत आला होता. आता हा त्याचा सदरा. खिशात हळद होती आणि तो रात्रभर याच हौदात होता. डाग पिवळा कसा?"

ठोसरांनी सदऱ्याचा खिसा उलटा करून सगळ्यांना दाखवला.

"कारण त्या रात्री हौदात सवागी नव्हतीच. नुसतं पाणीही नव्हतं, नाहीतर वाळल्यावर वाशावर पूड धरली नसती. सोनाबाईंना भावाचं कपाळ खारट लागलं, आणि त्या तर रडल्या नव्हत्या. हौदात मीठ होतं. शेट, मीठही वाळल्यावर पांढरंच दिसतं. खरी सवागी सोनारांकडे जात होती, आणि पल्याडच्या मिठागरातून मीठ येत होतं."

शेटनं शेजारच्या वाशावरची पांढरी पूड बोटावर घेतली.

"काशिरामला उरणच्या वाशांतून किडीचं पीठ गळताना दिसलं असणार. लगेच आळ घेतला नाही त्यानं, आधी खात्री करायची ठरवली. म्हणून हळद. जीव द्यायला निघालेला माणूस हळदीची पुडी बांधून नेत नाही. जगन, तू म्हणतोस सोमवारी कडक पाणी केलंस. हा सदरा म्हणतो, नाही. ते तू मंगळवारी केलंस, सगळे गेल्यावर. आणि शिडी. ती कायम हौदात असते, मग तुला ती भिंतीकडून का आणावी लागली?"



"मी ढकललं नाय," जगन म्हणाला. "मी मीठ उतरवाया थांबलो व्हतो. तो हौदावर वाकून खिशातनं पुडी काढाया लागला, मी खांदा धरला, झटापटीत पडला. मी शिडी वर वढली. शेटला सांगनार नाय असं वचन दे म्हटलं, मंग सोडतो. त्यानं दिलं नाय. मंग... मला सुचलंच नाय."

हवालदार पुढे झाला. सोनाबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"माजं कोन हाय, असं तो म्हनायचा?"

जगननं मान हलवली. "नाय. ते मी बनवलं."

"मंग काय म्हनाला शेवटी?"

"तुमाला हाका मारल्या."

तिनं वखारीमागच्या आपल्या घराकडे पाहिलं. तेवढं अंतर हाकेच्या टप्प्यातलंच होतं. "वाऱ्यानं दिवा जात व्हता," ती म्हणाली. "म्हनून मी दार लावून घेतलं."

ठोसरांनी सदऱ्याची घडी केली आणि हवालदाराच्या हातात दिली.

तिला घरी पोचवायला आनंदा गेला. तिनं पाणी दिलं, ते तो प्याला. अंधार पडायला लागला होता आणि खाडीवरून वारा येत होता. निघताना त्यानं सवयीनं दार ओढून घेतलं.

"नको," ती आतून म्हणाली. "उघडंच असू द्या."