शिशाआडचे ठोके

मी खाणीत उतरले ती एक प्लग काढायला. एवढंच काम होतं. वर भरदुपार होती, पण तळाला दुपार कसली आणि रात्र कसली!

"जेवून तरी जायचं," लिफ्टवाले काका म्हणाले. "तुमचं भूत काही पळून जात नाही."

आमच्या शोधाला ते भूतच म्हणायचे, आणि त्यात फारसं चूक नव्हतं. आपल्याला दिसतो त्या पदार्थाच्या पाचपट असं काहीतरी विश्वात भरलेलं आहे. ते दिसत नाही, कशाला अडत नाही, आत्ता तुझ्यामाझ्या अंगातूनही आरपार जात असेल. कृष्णपदार्थ. त्याचा एखादा कण चुकूनमाकून आमच्या स्फटिकाला धडकला, तर स्पीकरवर ठोका वाजणार होता. वरचा गोंगाट नको म्हणून स्फटिक खडकाखाली ठेवलेला आणि त्याच्याभोवती शिशाची भिंत. त्या एका ठोक्यासाठी, हा प्रयोग मांडणाऱ्या आमच्या सरांनी उभी हयात इथे काढली.

आपणच आपल्याला फसवू नये म्हणून त्यांनी एक रीत घातली होती. स्फटिकाला जोडलेल्या पेटीतून ते गुपचूप खोटे ठोके सोडत. त्याला ते 'मीठ टाकणं' म्हणत. आम्ही आनंदानं नाचायचो, आठवडेच्या आठवडे गणितं करायचो, आणि मग सर शांतपणे सांगायचे, "मीठ माझं होतं." शिव्या द्याव्याशा वाटायच्या. पण इतका सच्चा माणूस मी दुसरा पाहिला नाही. "मीठ माझं नाही," एवढं एकदा म्हणायला मिळावं, हीच त्यांची इच्छा होती. ते म्हणायच्या आधीच सर गेले.

आणि ते गेल्यावर ठोके सुरू झाले. अगदी हवे तसे.

प्रयोगाला कुलूप लावायचं की नाही, हे समिती दुसऱ्या दिवशी ठरवणार होती. ठोके खरे निघाले तर सरांच्या जन्माचं सोनं होणार होतं. सरांनी आधीच लावून ठेवलेल्या पेटीतून येत असतील तर सगळंच संपलं. म्हणून तो प्लग.

मी प्लग काढला, पेटी पिशवीत घातली, पिशवी मांडीवर घेऊन स्पीकरपाशी बसले. पंख्याची घरघर, ओल्या दगडाचा वास. मग हळूहळू त्यात दुसरा एक वास मिसळला... निलगिरीच्या गोळीचा. सरांना सदा खोकला असायचा.

टक्.

मी रडलेच. मीठ नव्हतं! "सर, सापडला हो!" मी एकटीच ओरडले.

मग त्यांचंच वाक्य आठवलं. जे आवडतं, त्याच्यावर आधी संशय घे.

भिंतीआड काम करताना आमच्या तोंडावर मास्क असायचे, बोललेलं कळायचं नाही. म्हणून आम्ही शिशावर बोटाच्या पेरानं ठोकायचो. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. त्याच सवयीनं मी हळूच विचारलं,

"सर... मीठ तुमचं का?"

टक्. टक्.

पिशवी छातीशी धरून मी लिफ्टपर्यंत कशी पोचले, मला ठाऊक नाही.

समितीसमोर मी काहीच लपवलं नाही. म्हणाले, "सगळे ठोके वगळा."

"का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"विचारल्यावर जे उत्तर देतं, त्याला कण म्हणता येत नाही."

मला वाटलं, आता हसतील. कुणीच हसलं नाही. "हातातला घास बाजूला ठेवणारी विद्यार्थिनी त्यांनीच घडवली," बाई म्हणाल्या आणि आम्हाला आणखी एक वर्ष दिलं. सरांची त्या दिवशी इतकी आठवण आली की काय सांगू.

काल यंत्र पुन्हा सुरू केलं. मी तोंडातून शब्दही काढला नव्हता, शपथ घेऊन सांगते. नुसतं मनात आलं... सर, तिथे तुमच्याबरोबर आणखी कुणी आहे का?

टक्.