मनीची गरम भिंत

"चला टेकडीवर! डबे भरा, बाटल्या घ्या, आणि आधी मनीला शोधा! मागच्या वेळी कोंडून गेलो होतो बिचारीला!" भिंगरीने फर्मान सोडलं. सुट्टीत काकांच्या घरी आल्यापासून तीच टोळीची सरदार. टोळीत तिचा हडकुळा भाऊ काडी आणि काकांची मुलगी चिमी.

मनी मांजर सापडली ती आजोबांच्या पलंगाखाली, भिंतीला पाठ घासत.

"गीझर बसवल्यापासून रोज सकाळी इथंच!" चिमी म्हणाली.

काडी आत सरपटला आणि ओरडला, "अगं, भिंत गरम आहे! जळका वासही येतोय!"

गीझर भिंतीपलीकडच्या न्हाणीघरात होता. 'इलेक्ट्रिशियन कशाला हवा?' म्हणत काकांनी तो स्वतःच जोडला होता, पलंगाखालच्या भिंतीतल्या जुन्या विजेच्या डबीतून वायर ओढून. भिंगरीने वर पलंगावर पडलेल्या आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या पायाचं ऑपरेशन झालेलं. आग लागली तर ते उठणार कसे?

"काका, भिंत तापलीय!" तिने धावत जाऊन सांगितलं.

"गीझर तापणारच! मला शिकवू नका, पळा!" दाढीचा साबण फासलेल्या काकांनी त्यांना हाकललं.

"आपणच उघडूया का डबी?" काडी कुजबुजला.

"खबरदार! म्हणजे आपणही काकांसारखेच!" भिंगरीने दाराजवळचं मेन स्विच खटकन बंद केलं. "तू कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनला घेऊन ये. धूम ठोक!"

तेवढ्यात आजोबा पुटपुटले, "माझ्या जखमेची चिकटपट्टीही कुठं गेली कोण जाणे."

"ती बाबांनी नेली," चिमी म्हणाली. "गीझर जोडताना काळी टेप संपली होती ना!"

"कापडी पट्टी? ती तर पेटेल!" भिंगरी म्हणाली. आजोबांनी एकदाच तिच्याकडे पाहिलं, काकांची अवजारांची पेटी मागवली आणि पांघरुणात घेतली.

"लाईट कुणी घालवली? माझा टेस्टर कुठाय?" काका तणतणत आले.

"मला काय ठाऊक?" आजोबांनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढलं.

काका स्विचकडे वळले. भिंगरी आडवी उभी राहिली.

"हो बाजूला!"

"नाही हलणार! आजोबांना पळता येत नाही, काका!"

काकांचा हात तिथंच थांबला. आणि दारात धापा टाकत काडी आला, मागोमाग इलेक्ट्रिशियन!

त्याने डबी उघडली. आत जखमेची चिकटपट्टी जळून कोळसा झाली होती आणि तारा उघड्या पडल्या होत्या. वर हातभरावर आजोबांची गादी.

"आज ना उद्या पेट घेतलाच असता," तो म्हणाला.

काका मटकन पलंगावर बसले. गालावरचा साबण सुकून गेला होता. "बाबा, चुकलो हो," एवढंच त्यांना बोलता आलं. मग त्यांनी भिंगरीला जवळ घेतलं. "तू हलली नाहीस, हे फार बरं केलंस, पोरी!"

"शाब्बास रे टोळी!" आजोबांनी पांघरुणातून पेटी बाहेर काढली. "ही आता माझ्या उशाशी राहील. आणि तू," ते काकांना म्हणाले, "माझी चिकटपट्टी नवीन आण!"

मनीने गार झालेल्या भिंतीला पाठ लावून पाहिली आणि फणकाऱ्याने निघून गेली. सकाळपासून पहिल्यांदाच भिंगरीला हसू आलं.